गुरुवारच्या मशीनचं पाणी

कूलंट विकणारा माणूस पहिला प्रश्न धातूचा विचारतो. माइल्ड स्टील का ॲल्युमिनियम, बीड का पितळ? दुसरा कटरचा: हायस्पीडचा का कार्बाइडचा? भोसरीतल्या कारखान्याला एवढे दोन प्रश्न पुरतात. पण ज्याचं मिलिंग मशीन घराच्या पार्किंगमध्ये उभं आहे, त्याला आधी विचारायला हवं की बाबा रे, तुझं मशीन आठवड्यातून किती वेळ बंद असतं? माझं सहा दिवस बंद असतं. एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी, म्हणून माझं मशीनही गुरुवारीच चालतं, तेही शेजाऱ्यांची दुपारची झोप सांभाळून. एरवी त्याच्यावर ताडपत्री आणि बाजूला स्कूटर.

मी टूलरूममधला माणूस. दिवसभर कूलंटच्या वासात असतो. तरी घरच्या मशीनसाठी कूलंट ठरवायला बसलो तेव्हा कामावरचा अनुभव निम्माच उपयोगी पडला. कामावर कूलंट हे कोणाचं तरी खातं असतं. कोणी बॅरल मागवतं, कोणी मशीनच्या टाकीत ओततं, तेल कंपनीचा माणूस अधूनमधून येऊन तपासून जातो. आम्ही फक्त ‘पाणी सोड’ म्हणतो आणि पाणी सुटतं. घरी हे सगळे लोक मीच.

मशीन जुनं आहे. बटाल्याकडचं टरेट मिलिंग, एका बंद पडलेल्या टूलरूममधून उचललेलं. या जातीच्या मशीनची कूलंटची टाकी कॉलमच्या पोटातच असते. टेबलाच्या कडेच्या चरांतून पाणी खाली येतं, जाळीतून पोटात उतरतं आणि पंप ते परत वर चढवतो. कागदावर झकास. घरी आल्यावर मी मागचं झाकण उघडलं, तर आत कोपरापर्यंत हात जाईल इतका काळा लगदा. तेल, कीस, तुटलेल्या एंडमिलचे तुकडे, एक स्पॅनर आणि गुटख्याची पुडी. झाकणाचं भोक एवढं की एका वेळी एकच हात आत जातो, आणि आत काय चाललंय ते दिसायला हवं असेल तर तो हातही बाहेर काढावा लागतो. जी जागा साफ करता येत नाही तिथे पाणी साठवायचं नाही, हे तिथेच ठरलं.

पण मुळात पाणी लागतंच कशाला? फ्रेडरिक टेलर आपल्याकडे माहीत आहे तो स्टॉपवॉच घेऊन कामगारांच्या मागे लागलेला साहेब म्हणून. त्याच टेलरने १८८० च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या मिडवेल स्टीलमध्ये धातू कापण्याचे प्रयोग सुरू केले. कापणी चालू असते त्या जागी पाण्याची जोरदार धार सोडली तर वेग ३०-४० टक्क्यांनी वाढवता येतो, हे त्याने दाखवून दिलं. १९०६ मध्ये अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे त्याने मांडलेल्या लांबलचक निबंधात हे आहे. नुसतं पाणी, आणि गंज लागू नये म्हणून त्यात सोडा. उष्णता शोषायची पाण्याची ताकद तेलाच्या जवळजवळ दुप्पट, त्यामुळे थंड करण्यात तेल पाण्याच्या पासंगालाही पुरत नाही. पण चिप कटरच्या अंगावरून घासत जाते ते घासणं कमी करायला तेलच लागतं. या दोन्हींचा मेळ म्हणजे सोल्युबल ऑइल: त्यात तेलाचे बारीक थेंब पाण्यात तरंगत ठेवलेले असतात, आणि ते एकमेकांना जाऊन मिळू नयेत म्हणून इमल्सिफायर घातलेला असतो. कूलंटचा दुधी रंग त्या थेंबांचाच.

आता टेलरचे ते ४० टक्के. कारखान्यात ते पैसे आहेत. माझ्याकडे काय आहेत? १२ मिलिमीटरचा हायस्पीडचा एंडमिल, माइल्ड स्टीलचा जॉब, मिनिटाला २५ मीटर वेग धरला तर साडेसहाशेच्या आसपास फेरे येतात. पाणी सोडायचं नसेल तर मी साडेचारशेवर चालवतो. १५ मिनिटांचं काम २२ मिनिटांत होतं, आणि त्या ७ मिनिटांत वरून चहा येतो. हायस्पीड स्टील साडेपाचशे-सहाशे अंशांपुढे मऊ पडायला लागतं. सावकाश चालवलं तर धार तिथवर तापतच नाही. कामावर हे बोललो तर प्रॉडक्शनवाले हसतील. घरी प्रॉडक्शन नाही.

त्यामुळे जिथे कोरडं चालतं तिथे कोरडंच. बीड तर कोरडंच कापावं. त्यातला ग्रॅफाइट स्वतःच वंगणाचं काम करतो, आणि वरून पाणी टाकलं की त्या काळ्या भुकटीचा चिखल होऊन तो स्लाइडवे घासून खातो. बिडाच्या कामाला मी व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप कटरशेजारी बांधतो. घरातला नव्हे, जुन्या बाजारातून आणलेला. घरातला मागून पाहिला होता. मिळालेलं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही. पितळही कोरडंच.

कार्बाइडचं प्रकरण जरा वेगळं आहे. मिलिंगमध्ये कटरचा दात सतत कापत नसतो. फेऱ्याचा काही भाग धातूत, उरलेला हवेत. धातूत तापतो, बाहेर आला की अंगावर गार पाणी. हजार फेरे असतील तर मिनिटाला हजार वेळा हे तापणं आणि निवणं. कार्बाइड कडक, पण ठिसूळ. त्याला हे सोसवत नाही. असा इन्सर्ट भिंगाखाली धरून बघण्यासारखा असतो. धारेशी काटकोनात बारीक भेगा, एकीशेजारी एक, जवळपास सारख्या अंतरावर. पुढे दोन भेगांमधला तुकडा निसटतो आणि मग जॉबच्या फिनिशवर ओरखडा दिसायला लागतो. मोठ्या मशीनवर सगळीकडून लोंढा सोडता येतो, तिथे निभतं. माझ्यासारख्याचं अधूनमधून शिंपडलेलं पाणी हे पाणी नसण्यापेक्षा वाईट. म्हणून कार्बाइड लावला की पाणी बंद आणि हवेची बारीक धार चालू. हवा गारव्यासाठी नाही, चिप्स उडवण्यासाठी. कापलेलीच चिप कटरखाली येऊन पुन्हा कापली जाते तेव्हा धारा जास्त जातात, हे माझं मत कामावरही सगळ्यांना पटत नाही.

तरी पाणी लागतंच. स्लिटिंग सॉने खोल खाच घ्यायची असेल, जाड पट्टीत लांब खोबण मारायची असेल, तर चिप्स आत अडकून बसतात. त्यांना धुऊन बाहेर काढायला काहीतरी वाहतं हवं.

माझा भाचा चाकणला सीएनसी चालवतो. त्याला विचारलं तर त्याचं उत्तर तयार होतं. “मामा, तू सरळ सेमी-सिंथेटिक घे. आमच्याकडे वर्ष वर्ष बदलावं लागत नाही.” बादली २० लिटरची. ५ टक्क्यांनी कालवलं तर त्याचं ४०० लिटर कूलंट होतं. मला एका वेळी लागतं १० लिटर. बादलीवरची मुदत वर्षाची. “उरलेलं काय करू,” मी म्हटलं, “तुझ्या मामीला वाढदिवसाला देऊ?” आणि त्याच्याकडचं वर्षभर टिकतं ते काही केवळ भारी असतं म्हणून नाही. ते तीन शिफ्ट फिरतं, फिरताना त्यात हवा मिसळते, स्किमर वरचं तेल ओढून घेतो, रोज कोणीतरी प्रमाण बघून भर घालतं. माझं सहा दिवस जागच्या जागी.

जागच्या जागी राहिलेल्या कूलंटचं काय होतं ते बघायचं तर भोसरीत शुक्रवारी सकाळी यावं. शटर वर जाताच नाकाला कळतं: सडक्या अंड्यांचा वास. स्लाइडवेला घातलेलं ६८ नंबरचं तेल हळूहळू कूलंटमध्ये उतरतं आणि त्याचा वर तवंग धरतो. मशीन बंद, पाणी स्थिर, वर तेलाचं झाकण. खाली हवा पोचत नाही, आणि हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंना तेवढंच हवं असतं. ते पाण्यातल्या सल्फेटचं हायड्रोजन सल्फाइड करतात, हा वास त्याचा. सोबत आम्लं तयार होतात. चांगल्या कूलंटचा पीएच साधारण साडेआठ ते साडेनऊ असतो, तो घसरत जातो, आणि मग जॉबवर तांबूस ठिपके दिसायला लागतात. एका सुट्टीत एवढं होत असेल तर माझ्या सहा दिवसांत काय होईल? पार्किंगच्या बरोबर वर आमचं स्वयंपाकघर आहे. “अहो, खाली काही मेलंय का बघा” हे वाक्य मला ऐकायचं नव्हतं.

जिवाणू मारायचं औषध बाजारात मिळतं. कामावर ते मोजूनमापून घालतात. घरी मला ते नको वाटलं. कूलंट काही नुसतं वाहत नाही. फिरत्या कटरवरून त्याचे तुषार उडतात आणि ते आपल्याच छातीत जातात, जिवाणूंसकट आणि औषधासकट. २००३-०४ मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅममधल्या लाँगब्रिजच्या इंजिन कारखान्यातल्या कितीतरी कामगारांना दमा आणि फुप्फुसांची ॲलर्जिक सूज झाली होती, आणि चौकशीत बोट गेलं ते कूलंटच्या तुषारांकडे. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने १९९८ मध्ये हवेतल्या अशा कणांसाठी घनमीटरला ०.४ मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली. याच कारणाने मी फवाराही बाद केला. कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर तेलपाण्याचं धुकं मारायचं ते साधन घरच्या मशीनवाल्यांचं फार लाडकं आहे. टाकी नको, सांडलवंड नको, काम चोख. पण माझ्या जागेला तीन बाजूंनी भिंती, छत बुटकं. धुकं जाणार कुठे?

उरलं साधं सोल्युबल ऑइल. सुटं मिळणाऱ्यांत सर्वोकट एस आमच्या भागात सहज मिळतं, ते लिटरभर आणलं. आणि मग कळीचा मुद्दा निघाला तो तेलाचा नाही, पाण्याचा. आमच्या नळाला पवना नदीचं पाणी येतं, २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड. अंगणात बोअर आहे. बोअरचं पाणी भांड्यांवर पांढरे डाग ठेवतं हे घरात सगळ्यांना माहीत, पण कूलंटला ते काय करतं ते बघायचं म्हणून दोन काचेच्या बरण्या घेतल्या. एकीत पवना, दुसरीत बोअर. आधी पाणी, मग त्यात तेलाची बारीक धार सोडत ढवळायचं. उलट केलं, तेलावर पाणी ओतलं, तर घट्ट गोळा होतो आणि मग कितीही ढवळा, तो मोडत नाही. दोन्ही बरण्या रात्रभर खिडकीत ठेवल्या. सकाळी पवनेची बरणी वरपासून खालपर्यंत सारखी पांढरी. बोअरच्या बरणीवर दुधावर साय यावी तसा पिवळट थर, बोटाने उचलला तर चिकट. त्याखालचं पाणी निळसर आणि पातळ, पलीकडचे गज दिसावेत इतकं. बोअरमधल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमने इमल्सिफायरला गाठून त्याचा न विरघळणारा साबण केला, आणि तेलाच्या थेंबांना धरून ठेवायला कोणी उरलं नाही. हे कूलंट मशीनला घातलं असतं तर चिकटा पंपाच्या जाळीत, तेल वर, आणि जॉबवर पडलं असतं नुसतं खारं पाणी.

शिवाय टाकीतलं पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. २० लिटरच्या टाकीत ३०० पीपीएमचं पाणी असेल आणि उडेल तसं तेच भरत एकूण आणखी २० लिटर घातलं, तर टाकी ६०० वर जाते. एसीचं ठिबकणारं पाणी भर घालायला चांगलं, त्यात क्षार जवळपास नसतात. सुरुवातच त्याने केली तर मात्र फेस सांभाळता सांभाळता नाकीनऊ येतात. थोडे क्षार लागतातच.

प्रमाण बघायला रिफ्रॅक्टोमीटर घेतला. साखर कारखान्याची माणसं उसाचा ब्रिक्स बघायला फडात आणतात तोच. एक थेंब काचेवर, झाकण दाबायचं, उजेडाकडे धरून निळ्या-पांढऱ्याची रेघ कुठे येते ते वाचायचं, आणि त्याला डब्यावर दिलेल्या आकड्याने गुणायचं. गावाकडचा चुलतभाऊ आला होता, त्याने तो टेबलावर बघितला आणि म्हणाला, “पार्किंगमध्ये ऊस लावलास की काय?”

तर पद्धत अशी बसली आहे. पाणी लागणारं काम असेल त्या गुरुवारी सकाळी १० लिटर पाण्यात अर्धा लिटर तेल. पोटातल्या टाकीत नाही. रंगाच्या रिकाम्या बादलीत, बादलीच्या तळाला चुंबक आणि वर डेझर्ट कूलरचा छोटा पंप. काम उरलं तर पुढच्या गुरुवारपर्यंत ठेवतो, माशांच्या टाकीचा हवेचा पंप त्यात बुडबुडे सोडत राहतो आणि वरचा तवंग जुन्या वर्तमानपत्राने टिपून घेतो. त्यापुढे नाही.

पाण्याच्या दिवसाची खरी किंमत संध्याकाळी कळते. व्हाइस उचलावाच लागतो. टेबल आणि व्हाइस यांच्यामध्ये पाण्याचा कागदापेक्षा पातळ थर शिरून बसलेला असतो, तो आपोआप सुकत नाही, आणि पुढच्या गुरुवारपर्यंत टेबलावर व्हाइसचा तपकिरी ठसा उमटतो. २५ किलोचा व्हाइस उतरवा, टी-स्लॉटमधला कीस काढा, बनियनच्या वेस्टने कोरडं पुसा, तेलाचा हात फिरवा, आणि पुढच्या वेळी डायल लावून व्हाइस पुन्हा सरळ करा. बादलीच्या किमतीत हे कुठेच धरलेलं नसतं. त्यामुळे हल्ली जॉब हातात आला की मी आधी बघतो की तो पाण्याशिवाय होतो का, भले तीन डेप्थऐवजी सहा डेप्थ घ्याव्या लागोत.

ॲल्युमिनियमला आमचे जुने उस्ताद रॉकेल मारायचे. रेशनचं निळं रॉकेल, ब्रशने. आणि काम देखणं व्हायचं, आरसा. ॲल्युमिनियमची खोड अशी की ते कटरच्या धारेवरच चिकटून बसतं आणि मग धारेऐवजी तो चिकटलेला गोळाच कापत सुटतो. रॉकेल ते चिकटू देत नाही. पण रॉकेलची वाफ चाळिशीच्या आसपास पेट घेऊ शकते, आणि मे महिन्यात माझ्या पार्किंगमध्ये तेवढं असतंच, वर शेजारी पेट्रोलची स्कूटर. आता रॉकेल मिळतही नाही म्हणा. हलकं तेल कुपीतून थेंब थेंब आणि हवेची धार, एवढ्यावर भागतं. टॅपिंगला मात्र खोबरेल. त्यातल्या फॅटी ॲसिडचे रेणू धातूला घट्ट धरून बसतात आणि सावकाश, दाबाच्या कामात खनिज तेलापेक्षा चांगले टिकतात. डिसेंबरात बाटली थिजते, २४ अंशांच्या खाली ती जातेच. मग टॅपच बाटलीत खुपसून फिरवायचा. एक तोटा आहे. टॅपिंग झाल्यावर अंगाला न्हाणीघराचा वास येतो आणि कामावर कोणीतरी विचारतंच.

वापरलेलं कूलंट गटारात सोडायचं नाही. आमच्या भागातली गटारं शेवटी पवनेकडेच जातात. कारखान्यांना याचे नियम आहेत, घरातल्या बादलीचं कोणी विचारत नाही, पण तेल तेच. गच्चीवर पसरट ट्रेमध्ये ओतून वर जाळी टाकतो. उन्हात पाणी उडून जातं, तळाला राहतो तो तेलकट चिकटा गॅरेजवाल्याच्या जुन्या ऑइलच्या पिंपात जातो. ते पिंप तेल शुद्ध करणाऱ्यांकडे जातं, हे विचारून घेतलेलं आहे. पावसाळ्यात हा मार्ग बंद. म्हणून जून ते सप्टेंबर मी पाण्याची कामं घेतच नाही.

सध्या बाकावर ३०४ स्टेनलेसचा एक दांडा पडलाय, सोसायटीच्या पंपाच्या शाफ्टसाठी. त्यात की-वे मारायचाय. इथे माझ्या सगळ्या हिशेबांचा उपयोग नाही. स्टेनलेस कोरडं कापताना कटर जरा घासला की पृष्ठभाग तिथल्या तिथे कडक होतो आणि मग त्याच जागी धार लागत नाही. सोल्युबल ऑइल पातळ पडेल. याला गंधकवालं, पाणी न घालता वापरायचं तेल हवं, सावकाश फेरे, आणि फीड न थांबवता. ते तेल तांब्या-पितळेला काळं करतं, तेव्हा आधी टेबलावरचे पितळी पॅकिंग उचलून ठेवायला हवेत. भाच्याला फोन करून सांगितलंय, कामावरून विचारून बाटलीभर आण. “मामा, त्याची पण बादलीच येते,” म्हणाला. म्हटलं, बाटलीच आण.